नकोसं कुणी ठरवायचं?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलची कारखान्यातली कार्यशाळा संपत आली की मी विचारते, “काही शंका?” पहिला हात बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या माणसाचा वर जातो. पन्नाशीतले सुपरवायझर, वीस-पंचवीस वर्षं एकाच ठिकाणी नोकरी, अडल्यानडल्याला धावून जाणारे म्हणून सगळ्यांना माहीत असलेले. “मॅडम, मग आता बायकांशी बोलायचंच नाही का?” मागच्या रांगेत हशा पिकतो. बायका मान खाली घालून ओढणीचं टोक चाचपत बसतात.

अकरा वर्षं मी वेगवेगळ्या ठिकाणी अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करतेय. या प्रश्नाचा मला पूर्वी राग यायचा, आता येत नाही. विचारणारा माणूस बहुधा लबाडी करत नसतो. चूक नेमकी कुठे सुरू होते, हे त्याला खरोखर ठाऊक नसतं. बलात्कार हा गुन्हा आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, भर बाजारात बाईचा हात धरणं वाईट हेही माहीत असतं. त्याच्या अलीकडचं सगळं त्याच्या लेखी ‘चालायचंच’ या खात्यात जमा आहे. हे खातं त्याने एकट्याने उघडलेलं नाही.

समित्यांसमोर आलेल्या प्रकरणांबद्दल मी इथे अवाक्षरही लिहिणार नाही. या छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या १६व्या कलमाने ते गुप्त ठेवायचं बंधन आहे आणि ते योग्यच आहे. जे लिहितेय ते कार्यशाळांमधलं, न्यायालयांच्या जाहीर निकालांमधलं आणि थोडं माझं स्वतःचं.

आधी शब्दांकडे बघू. वर्तमानपत्रात रोज ‘विनयभंग’ छापून येतो. १८६०च्या दंडसंहितेतल्या ३५४व्या कलमासाठी हा शब्द मराठीत रुळला. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा ७४ झाला, कल्पना तीच राहिली. या शब्दात भंग कशाचा होतो? तिच्या विनयाचा. म्हणजे आधी तिच्याजवळ विनय होता की नाही, हे कुणीतरी तपासायचं. मग सुरू होतं: कपडे कसे होते, एवढ्या उशिरा तिथे काय करत होती, त्याच्याशी हसून बोलायची ना. ‘अतिप्रसंग’ म्हटलं की थोडासा प्रसंग चालला असता असा अर्थ निघतो. ‘छेडछाड’ ऐकलं की शाळकरी खोड्या डोळ्यांसमोर येतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या एका पुस्तिकेत छेडछाडीसाठी रूढ असलेला इंग्रजी शब्द टाळून सरळ ‘रस्त्यावरचा लैंगिक छळ’ म्हणावं, असं न्यायाधीशांना सुचवलं आहे. रोजच्या बोलण्यात तर आपण याहून मऊ होतो. जरा चावट आहेत. बोलायला मोकळे आहेत. हात लावून बोलायची सवयच आहे त्यांना. यातल्या प्रत्येक वाक्यात करणाऱ्याची बाजू आधीच मांडून झालेली असते.

वास्तविक आपल्या भाषेत या कामासाठी फार चांगला शब्द आहे. ‘नाही’ वेगळं आणि ‘नको’ वेगळं. ‘नाही’ वस्तुस्थिती सांगतं, ‘नको’ बोलणाऱ्याची इच्छा सांगतं. दीड-दोन वर्षांचं पोर वाटी ढकलून हाच शब्द म्हणतं. दख्खनी बोलीला तो इतका उपयोगी वाटला की तिने ‘नक्को’ म्हणून तो उचलला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा ज्या एका विशेषणावर उभा आहे, त्याला कार्यशाळांच्या स्लाइडवर ‘अस्वागतार्ह’ असं लिहिलेलं असतं. मी तो शब्द फळ्यावरून पुसते आणि ‘नकोसं’ लिहिते. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना एका क्षणात कळतं.

याच शब्दाचं दुसरं रूपही आपण पाहिलेलं आहे. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशी’ नाव ठेवलेल्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली. मुलीला नकोशी म्हणायला आपण शिकलो होतो. तिला स्वतःला ‘नको’ म्हणता यावं, हे शिकवायचं राहून गेलं.

कायदा काय म्हणतो ते एकदा सरळ सांगते, कारण आठ-दहा वर्षं समितीवर नाव असलेल्यांनाही ते माहीत नसतं. अंगाला स्पर्श किंवा अंगचटीला येणं, शरीरसंबंधाची मागणी किंवा विनंती, लैंगिक रोखाचं बोलणं, अश्लील चित्र वा चित्रफीत दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाची इतर कोणतीही कृती, मग ती शब्दाने असो, स्पर्शाने असो की नुसत्या नजरेने वा हावभावाने. हे सगळं ‘नकोसं’ असेल तर तो छळ. त्याच्या जोडीला बढतीचं आमिष, नोकरी घालवायची धमकी, किंवा तिला तिथे काम करणंच अवघड होईल असं वातावरण असेल तर तेही छळातच मोडतं. यात हात लागलाच पाहिजे असं कुठेही नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी पडलेला ‘नॉनव्हेज’ जोक यात येतो, आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केल्याने तो आला नव्हता असं होत नाही.

मग खरा वाद उरतो: नकोसं आहे हे कळणार कसं? तिने सांगितलं का?

माझी पहिली नोकरी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत होती. बावीस वर्षांची होते. रोजकीर्द लिहायला मी बसायचे आणि आमचे वरिष्ठ ती तपासायला मागे येऊन उभे राहायचे. आधी हात खुर्चीच्या पाठीवर असायचा. मग खांद्यावर. बोट दुसऱ्या रकान्यावर ठेवायचं निमित्त करून ते वाकायचे, तेव्हा त्यांचा श्वास कानाशी लागायचा, सुपारीचा वास यायचा. मी म्हणायचे, “राहू द्या सर, मी करते.” खुर्ची भिंतीला टेकवून घेतली. ते येताना दिसले की पाणी प्यायला उठायचे. मे महिन्याच्या उकाड्यात पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून पिन लावायला लागले. घरून भाऊ न्यायला येतोय असं खोटंच सांगायचे. मला भाऊ नाही.

तीन महिन्यांत मी एकदाही त्यांना ‘नको’ म्हटलं नाही. आणि रोज दहा वेळा म्हटलं.

प्रत्येक बाईकडे अशा नकाराची एक यादी असते. एसटीच्या सीटवर मधे ठेवलेली पर्स. पुढे धरलेली छत्री. मेसेजला दिलेलं नुसतं ‘हो सर’ आणि तेही चार तासांनी. न हसता ऐकून घेतलेला विनोद. “अगं, मी तुला मुलीसारखी मानतो” यावर घातलेली खाली मान. समोरच्याला हे वाचता येत नाही असं मला कुणी सांगितलं, तर मी ते सहज मानत नाही. हाच माणूस साहेबांच्या भुवईची हालचाल बघून फाईल मागे घेतो. ज्याच्या हातात आपलं काही अडकलंय त्याचा नकार आपल्याला न बोलता कळतो. आपल्या हाताखालच्या माणसाचा नकार मात्र लेखी लागतो, तोही साक्षीदारासह.

न बोलणं म्हणजे होकार, ही समजूत या राज्यात फार मोठी किंमत घेऊन मोडली गेली. २६ मार्च १९७२च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. पुढे हे मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं गेलं. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि सांगितलं की भीतीने असहाय होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे प्रतिकार नाही. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याचं दार बंद, समोर वर्दी. ओरडून ती कुणाला बोलावणार होती? १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राचा गाभा एवढाच होता की शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशभर मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यात असलेल्या बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरून चालायचं. २०१३च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केलं की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही.

हा सगळा इतिहास बलात्काराच्या कायद्याचा आहे, ऑफिसातल्या चावटपणाशी त्याचा काय संबंध, असं विचारलं जातं. संबंध सरळ आहे. ज्याच्या हातात पगार आहे, हजेरी आहे, सुट्टी आहे, पीएचडीच्या प्रबंधावरची सही आहे, त्याच्या समोरची शांतता देसाईगंजच्या त्या शांततेच्या नात्यातलीच असते. प्रमाण वेगळं, जात तीच.

‘हात लागला का?’ हा प्रश्नही असाच हटत नाही. दिल्लीतल्या एका निर्यात मंडळात १९८८ साली अधिकाऱ्याने एका कर्मचारी महिलेला हॉटेलात काम आहे म्हणून नेलं आणि पुन्हा पुन्हा अंगाशी यायचा प्रयत्न केला. त्याला नोकरीवरून काढलं. उच्च न्यायालय म्हणालं, प्रयत्न केला, प्रत्यक्ष विनयभंग झाला नाही, त्याला परत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९९ मध्ये ते नाकारलं: स्पर्श सिद्ध होणं ही अट नाही, वागणूक कशी होती ते पाहा. इतकं स्पष्ट झालेलं असताना बावीस वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, त्याच नागपूर खंडपीठातून वेगळाच निकाल आला. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून घरात नेणाऱ्या माणसाने कपड्यांवरून तिची छाती दाबली होती. त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून पोक्सोखालचा, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचा, लैंगिक हल्ला होत नाही, असं त्या निकालात म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आठवड्याभरात स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला. मी त्या दहा महिन्यांत ज्या ज्या शाळेत बोलायला गेले तिथे आयांनी एकच विचारलं, “म्हणजे फ्रॉकवरून चालतं?” (मुलांच्या बाबतीत हवं-नकोचा प्रश्नच येत नाही. अठराच्या आतल्या मुलाने हो म्हटलं तरी कायद्याने ते हो नाही.)

आता हेतूचं. “माझ्या मनात तसं काही नव्हतं.” हे वाक्य मी मनापासून म्हटलेलंही ऐकलंय आणि पाठ केलेलंही. त्याला वजन आहे, पण ते योग्य जागी ठेवायला हवं. फौजदारी गुन्ह्यात हेतू बघितलाच जातो. कामाच्या ठिकाणच्या चौकशीत पहिला प्रश्न वेगळा आहे: हे लैंगिक स्वरूपाचं होतं का, आणि तिला नकोसं होतं का? त्याची बाजू शंभर टक्के ऐकायची, पण त्याच्या मनात डोकावून तिच्या अनुभवाचा निकाल लावायचा नाही. त्या जागी, त्या पदावर, तशा परिस्थितीत असलेल्या कुठल्याही समंजस बाईला ते तसंच लागलं असतं का, हे समितीने पाहायचं. एवढं ठरल्यावर शिक्षा किती, हे ठरवताना हेतू, पद, किती वेळा घडलं, सांगूनही चालू ठेवलं का, हे सगळं जरूर मोजावं. नकळत घडलेल्या पहिल्या चुकीला लेखी माफी आणि समुपदेशन पुरतं. जाणूनबुजून सहा महिने चाललेल्या गोष्टीला पुरत नाही. मी ही दोन मापं वेगळी ठेवण्याबद्दल फार आग्रही आहे. ती एकत्र झाली की ‘बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता’ म्हणून झालेली गोष्टच झाली नव्हती असं ठरतं.

सुपरवायझर साहेबांच्या प्रश्नाकडे परत येते. बोलायचं ना, भरपूर बोलायचं. नवरात्रात ऑफिसातल्या बायका नऊ रंगांच्या साड्या नेसून येतात, फोटो निघतात. “साडी छान आहे” यात काही नाही. “या साडीत तुमची फिगर…” इथे वाक्य साडीवरून शरीरावर गेलं. एवढा फरक कुठल्याही शहाण्या माणसाला कळतो. स्वतःच्या बायकोला कुणी हे वाक्य म्हटलं तर तर फारच लवकर कळतो. बरोबरीच्या सहकारी मुलीला “चहाला येतेस का?” विचारणं हा छळ नाही. ती नाही म्हणाली, किंवा “बघू” म्हणून टाळलं, त्यानंतर रोज विचारणं, तिच्या बसस्टॉपवर उभं राहणं, रात्री अकराला ‘झोपलीस?’ पाठवणं हा छळ आहे. तिची बढती ज्याच्या हातात आहे त्याने विचारणं मात्र मला पहिल्या वेळीही पटत नाही, कारण तिथे ‘नको’ फुकट म्हणता येत नाही. कामात चुकलं म्हणून सर्वांसमोर ओरडणं हे वाईट असू शकतं, पण ते लैंगिक गैरवर्तन नाही, आणि प्रत्येक अन्यायाला हे नाव दिलं तर या नावाची धार जाईल. हे मी बायकांच्या बैठकीतही सांगते. तिथे ते नेहमी आवडतंच असं नाही.

खोट्या तक्रारींचं काय, हा त्याला लागूनच येणारा सवाल. कायद्यात १४वं कलम आहे: जाणीवपूर्वक खोटी तक्रार केली तर कारवाई होते. पण त्याच कलमात लिहिलंय की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. बंद केबिनमध्ये घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? उलट बाजूही तितकीच खरी आहे. गोवा विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाच्या बडतर्फीचं प्रकरण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा समितीकडे पाठवलं, कारण चौकशी घाईने उरकली होती, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. मला तो निकाल बायकांच्या विरोधातला वाटत नाही. ढिसाळ चौकशीचा फटका शेवटी तिलाच बसतो. सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागतं. त्याच निकालात न्यायालयाने देशभरात समित्या खरोखर नेमल्या आहेत का, याची तपासणी करायला सांगितलं. कायदा येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

अंमलबजावणीची ही रड जुनीच आहे. राजस्थानच्या भटेरी गावात सरकारी योजनेची ‘साथिन’ म्हणून बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरीदेवींवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून देणारा १३ ऑगस्ट १९९७चा विशाखा निकाल आला. आजही आपल्याकडे लोक ‘विशाखा समिती’ म्हणतात आणि विशाखा हे त्या पीडित बाईचं नाव असावं असं अनेकांना वाटतं. ते याचिका करणाऱ्या एका संस्थेचं नाव होतं. त्या निकालाचं पालन होत नाही म्हणून पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांना सर्वोच्च न्यायालयाला लिहावं लागलं, आणि २०१२ साली न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं. २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बाईला, दुकानातल्या मुलीला, फडावरच्या ऊसतोड मजुरीणीला हे कुणी सांगितलेलं असतं? तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, कारण दाखवून आणखी तीन. फडावरची बाई तेवढ्यात दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते, आणि मुकादम तोच असतो.

अशाच एका दिवशी कार्यशाळा संपल्यावर कँटीनमधली एक बाई भांडी आवरायचं निमित्त करून मागे थांबली. “मॅडम, आम्ही कंपनीचे नाही, कंत्राटदाराचे. आमचं पण धरतात का?” धरतात. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळे येतात. मी तिला समितीचा फलक दाखवायला निघाले. तो पहिल्या मजल्यावर, एचआरच्या केबिनबाहेर, काचेच्या दाराच्या आत होता. दाराला कार्ड लागतं. कँटीनच्या बायकांकडे ते कार्ड नाही. ती पायरीवरच थांबली.

व्यवस्थापनाला मी लेखी कळवलं. चार महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा फलक खाली, कँटीनच्या हात धुवायच्या नळांशेजारी लावला होता. पाण्याचे शिंतोडे उडून खालची दोन नावं पुसट झाली होती. माझा फोन नंबर मात्र कुणीतरी निळ्या पेनाने पुन्हा गिरवून ठळक केला होता.